कारखान्याची संस्कृती आणि देशाची संस्कृती

एकाच गावात वाढलेले, एकच भाषा बोलणारे आणि एकाच महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेले दोन तरुण दोन वेगवेगळ्या उद्योगसंस्थांत नोकरीस लागतात. दहा वर्षांनी ते भेटतात तेव्हा त्यांच्या वागण्याबोलण्यात चमत्कारिक अंतर पडलेले दिसते. एक जण साहेब खोलीत येताच नकळत उठून उभा राहतो आणि लेखी आदेश हाती आल्यावाचून कोणतेही काम सुरू करीत नाही. दुसरा आपल्या वरिष्ठाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालतो, चूक झाली तर ती चारचौघांत सांगून टाकतो आणि त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. दोघांचे संस्कार एकच, देश एकच, धर्म आणि आहारही एकच. मग हे अंतर आले कोठून?

सांस्कृतिक भेदांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे उभा राहणारा हा पहिला प्रश्न होय. तो वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. एखाद्या कारखान्यात उत्पादन घटले, माल सदोष निघू लागला किंवा संप झाला की "या लोकांची संस्कृतीच तशी" हे उत्तर तत्काळ पुढे येते. परदेशी तज्ज्ञ ते भारतीय कामगारांविषयी देतो, महानगरातील व्यवस्थापक ते खेड्यातून आलेल्या मजुरांविषयी देतो आणि एका प्रांतातील अधिकारी ते दुसऱ्या प्रांतातील माणसांविषयी देतो. हे उत्तर खरे असेल तर करण्यासारखे फारसे काही उरत नाही, कारण शतकानुशतके घडलेली लोकसंस्कृती कोणी चार दिवसांत बदलू शकत नाही. पण ते खोटे असेल तर ज्या दोषाचे मूळ कामाच्या मांडणीत आहे तो दोष माणसांच्या माथी मारला जातो आणि मांडणी मात्र जशीच्या तशी राहते.

शब्दाची व्याप्ती

मानवशास्त्रज्ञ संस्कृती हा शब्द एखाद्या जमातीच्या किंवा समाजाच्या समग्र जीवनपद्धतीला उद्देशून वापरीत आले आहेत. तो कारखान्याच्या दारातून आत आला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. लंडनमधील 'ग्लेसियर मेटल' या बेअरिंग बनविणाऱ्या कंपनीत एलियट जॅक्स या मानसशास्त्रज्ञाने दीर्घकाळ निरीक्षण केले आणि १९५१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्याचीही एक संस्कृती असते, असे त्याच्या नावातच सुचविले होते. कारखान्यात विचार करण्याची आणि काम करण्याची एक रूढ रीत असते. नव्याने आलेल्याला ती शिकावी लागते, निदान अंशतः तरी पत्करावी लागते, तेव्हाच तो त्या संस्थेचा होतो, असे जॅक्स यांचे प्रतिपादन होते.

पुढे अमेरिकेतील एडगर शाइन यांनी १९८५ साली या कल्पनेला अधिक रेखीव रूप दिले. त्यांच्या मते संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर असतात. सर्वांत वरचा थर डोळ्यांना दिसणारा: इमारतीची रचना, गणवेश, बैठकींतील बसण्याची जागा, परस्परांना हाक मारण्याची पद्धत. त्याखालचा थर संस्था स्वतःविषयी जे सांगते त्याचा: तिची घोषित उद्दिष्टे आणि तत्त्वे. सर्वांत खालचा थर मात्र कोणी बोलून दाखवीत नाही, कारण तो सर्वांनी गृहीतच धरलेला असतो. माणूस विश्वासास पात्र आहे की त्याच्यावर पहारा ठेवावयास हवा? चूक उघड करणारा शहाणा की मूर्ख? ज्ञान वरच्या पदावर असते की हाताने काम करणाऱ्याजवळ? या प्रश्नांची उत्तरे कोठेही लिहिलेली नसतात. पण दररोजचे प्रत्येक काम त्या उत्तरांवरच उभे असते.

विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा वरच्या थराशीच थांबण्याची असते. जपानी माणसे वाकून नमस्कार करतात, जर्मन माणसे वेळ पाळतात, भारतीय माणसे सरळ नकार देत नाहीत, अशा टिपणांनी त्याची वही भरून जाते. ही टिपणे सर्वस्वी खोटी नसतात; परंतु त्यांतून कशाचेच कारण कळत नाही. कारण शोधावयाचे तर तुलना करावी लागते आणि तुलनेत एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलून पाहावी लागते.

कंपनी एक, देश अनेक

अशी पहिली मोठी तुलना डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड (१९२८-२०२०) यांनी केली. ते आय.बी.एम. या बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरीस होते. कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात सत्तरांहून अधिक देशांत प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या होत्या. त्यांची संख्या सुमारे १,१६,००० होती. कंपनी एकच, कामे सारखी, शिक्षणही जवळजवळ सारखे. म्हणून उत्तरांत जो फरक पडेल तो देशाच्या संस्कृतीमुळे पडला असला पाहिजे, असा हॉफस्टेड यांचा तर्क होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात चाळीस देशांची तुलना असून ती चार परिमाणांवर आधारलेली आहे: सत्तेतील अंतर समाज किती सहज स्वीकारतो, अनिश्चितता टाळण्याकडे त्याचा कल किती आहे, तो व्यक्तीला प्राधान्य देतो की समूहाला, आणि स्पर्धा व यश यांना अधिक मोल देतो की जिव्हाळ्याच्या संबंधांना.

सत्तेतील अंतराच्या मोजपट्टीवर भारताला ७७, अमेरिकेला ४० आणि ऑस्ट्रियाला ११ गुण मिळाले. याचा अर्थ, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील असमानता भारतीय कर्मचाऱ्यांना अधिक स्वाभाविक वाटते, असा लावण्यात आला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांनी हे आकडे हातोहात उचलले आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते पाठ केले.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना लक्षात ठेवावयास हव्यात. पहिली सूचना स्वतः हॉफस्टेड यांनीच वारंवार दिली होती: हे आकडे समाजाच्या सरासरीचे आहेत, व्यक्तीचे नव्हेत. एखाद्या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान कळले म्हणून अमुक एका शेतात आज पाऊस पडला की नाही हे सांगता येत नाही, त्याचप्रमाणे ७७ या आकड्यावरून समोर बसलेल्या भारतीय माणसाचा स्वभाव सांगता येत नाही. दुसरी सूचना टीकाकारांची. एका परदेशी कंपनीत काम करणारे, बहुतांशी शहरी आणि सुशिक्षित असे थोडे लोक केरळपासून काश्मीरपर्यंत पसरलेल्या देशाचे प्रतिनिधी कसे मानावयाचे, असा प्रश्न अनेकांनी विचारला. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली तो विशेष कठोरपणे मांडला.

आणखी एक अडचण प्रश्नांतच दडलेली होती. प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासकांनी तयार केलेले होते. जे त्यांच्या मनात नव्हते ते विचारलेच गेले नव्हते. हाँगकाँग येथे अध्यापन करणाऱ्या मायकेल बाँड यांनी चिनी विद्वानांकडून मूल्यांची यादी करवून घेतली आणि ती २२ देशांतील विद्यार्थ्यांपुढे ठेवली. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक नवेच परिमाण उघड झाले: चिकाटी, काटकसर आणि दूरच्या भविष्याचा विचार. हॉफस्टेड यांनी ते आपल्या मांडणीत पाचवे परिमाण म्हणून समाविष्ट केले. मोजणाऱ्याचीही एक संस्कृती असते आणि ती त्याच्या मोजपट्टीत उतरते, हा धडा विद्यार्थ्याने येथे घ्यावयाचा.

देश एक, संस्था अनेक

दुसऱ्या प्रकारच्या तुलनेत देश स्थिर ठेवून संस्था बदलल्या गेल्या. हॉफस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली डेन्मार्क व नेदरलँड्स या दोन देशांतील दहा संस्थांच्या वीस विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांस्कृतिकदृष्ट्या हे दोन्ही देश परस्परांना जवळचे आहेत. काय चांगले आणि काय वाईट यासंबंधीच्या मूल्यांत या विभागांमध्ये फारसे अंतर नव्हते. जे होते ते मुख्यत्वे राष्ट्रीयत्व, वय आणि शिक्षण यांच्यामुळे होते. पण रोजच्या व्यवहारांत मात्र फार मोठे अंतर होते. एखादा विभाग नियमांना चिकटून राहणारा, दुसरा केवळ फळाकडे पाहणारा. एके ठिकाणी नव्या माणसाचे सहज स्वागत होई, दुसरीकडे वर्ष उलटले तरी तो परकाच राही. मूल्ये माणूस घरातून आणि शाळेतून घेऊन येतो. कामाच्या रीती तो संस्थेत शिकतो, असा या अभ्यासाचा आशय सांगता येईल.

भारतात याच दिशेने पाटण्याच्या अनुग्रह नारायण सिंह समाजअध्ययन संस्थेतील मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी महत्त्वाचे कार्य केले. १९८० साली त्यांनी नेतृत्वाविषयी जे विवेचन केले ते परदेशी पुस्तकांच्या चौकटीत बसणारे नव्हते. लोकशाही वृत्तीचा वरिष्ठ चांगला आणि अधिकार गाजविणारा वाईट, ही सोपी विभागणी त्यांनी नाकारली. भारतीय कर्मचाऱ्याला पुष्कळदा असा वरिष्ठ हवा असतो की जो वडीलधाऱ्याप्रमाणे जिव्हाळा दाखवितो, पण तो कामाच्या मोबदल्यात दाखवितो. आणि कनिष्ठ जसजसा जाणता होतो तसतसा त्याला सहभागी करून घेतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात भारतातील कार्यसंस्कृतीचे दोन प्रकार वर्णिले आहेत. एकात कामाला दुय्यम स्थान असते आणि सगेसोयरे, शिफारशी व सवलती यांना प्राधान्य मिळते. दुसऱ्यात काम केंद्रस्थानी असते. हे दोन्ही प्रकार एकाच देशात, एकाच सामाजिक वातावरणात शेजारी शेजारी नांदू शकतात, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. भोवतालची समाजरचना कारखान्याच्या भिंतींतून आत झिरपते खरी. पण किती झिरपू द्यावयाचे हे पुष्कळसे कारखान्याच्या हाती असते.

माणसे तीच, मांडणी निराळी

तिसरी तुलना सर्वांत बोलकी आहे, कारण तीत माणसेच स्थिर राहतात. तिचे एक उदाहरण अहमदाबादचे आहे. तेथील कॅलिको गिरणीने स्वयंचलित माग बसविले होते. परंतु उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि सदोष कापडाचे प्रमाण कमी होईना. १९५३ साली गिरणीच्या चालकांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांना पाचारण केले. ज्याला मुंबईच्या गिरण्यांत साळखाते म्हणत, त्या खात्यातील २२४ मागांवर २९ माणसे काम करीत होती आणि त्यांची कामे बारा प्रकारांत वाटलेली होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे सुमारे ४० ते ५०, तुटलेला ताणा सांधणाऱ्याकडे सुमारे ६० ते ८०. परिणामी सांधणारा अडीच-तीन विणकरांचा असे, पण पूर्णपणे कोणाचाच नसे. काम एकमेकांवर अवलंबून, पण माणसे एकमेकांना बांधलेली नाहीत, अशी ही स्थिती होती.

यंत्राला भारतीय कामगार सरावत नाही, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे होते. राइस यांनी तसे केले नाही. एका ठराविक संख्येच्या मागांची जबाबदारी एका लहान गटाने मिळून घ्यावी, अशी कल्पना त्यांनी चर्चेत मांडली. कामगार आणि मुकादम यांनी ती तत्काळ उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे स्वतःच ठरविले. सुमारे सात माणसांकडे ६४ माग, अशी ही व्यवस्था होती. कार्यक्षमता वाढली आणि कापडातील दोष घटले. कामगार तेच, माग तेच, शहर तेच. बदलली ती कामाची मांडणी. वेतनातही त्या सुमारास बदल झाले होते आणि सुधारणेचे काही श्रेय त्यांना द्यावयास हवे, असे नंतरच्या टीकाकारांनी म्हटले आहे. ती टीका रास्त धरली तरी मूळ मुद्दा ढळत नाही. वेतन हाही मांडणीचाच भाग होय. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली गिरणीस पुन्हा भेट दिली तेव्हा गटपद्धती एके ठिकाणी चांगली टिकून होती, तर अन्यत्र ती क्षीण झाली होती. घडविलेली संस्कृती जपावी लागते, ती आपोआप टिकत नाही, असे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे. फ्रिमाँट येथील जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी, संप आणि सदोष माल यांबद्दल तो कुप्रसिद्ध होता. कामगारांची गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात जात असे. १९८४ साली जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा यांनी तोच कारखाना संयुक्तपणे पुन्हा सुरू केला. कामगारांची संघटना तीच होती आणि बहुसंख्य कामगारही जुनेच घेण्यात आले. टोयोटाने त्यांच्या तुकड्या जपानला पाठवून प्रशिक्षण दिले. नव्या कारखान्यात कोणत्याही कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याचा आणि वेळ पडल्यास संपूर्ण साखळी थांबविण्याचा अधिकार होता. जुन्या कारखान्यात साखळी थांबविणे हा अपराधच मानला जाई. थोड्याच काळात गैरहजेरी तीन टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांची गुणवत्ता जपानमधील कारखान्यांच्या जवळ पोहोचली.

अमेरिकन माणूस व्यक्तिवादी असल्याने जपानी पद्धत त्याला मानवणार नाही, असे तोपर्यंत पुष्कळ जण मानीत. फ्रिमाँटने ते मत खोडून काढले. परंतु उलट बाजूही सांगावयास हवी. जनरल मोटर्सला हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेणे फार कठीण गेले. दोरी टांगणे सोपे होते. दोरी ओढणाऱ्याला शिक्षा होणार नाही असा विश्वास उत्पन्न करणे अवघड होते. वरचा थर नेता आला, खालचा नेता आला नाही.

गणवेश आणि वेतन

भारतात या प्रश्नाची कसोटी मारुती उद्योगात लागली. भारत सरकारच्या या कंपनीने १९८२ साली जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुरगाव येथील कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. व्यवस्थापकीय संचालकापासून कामगारापर्यंत सर्वांना एकच गणवेश, सर्वांसाठी एकच उपाहारगृह, अधिकाऱ्यांना बंद खोल्यांऐवजी मोकळे कार्यालय, या गोष्टी त्या काळच्या भारतीय उद्योगात अपूर्व होत्या. जेथे साहेबाचे ताट आणि मजुराचा डबा कधी एका टेबलावर आले नव्हते तेथे ते आले. सत्तेतील अंतराचा ७७ हा आकडा ज्या देशाच्या नावावर लागला, त्याच देशातील माणसांनी ही रीत स्वीकारली आणि त्या गाड्यांनी देशाचे रस्ते व्यापले.

परंतु कथा तेथे संपत नाही. २०११ साली याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात कामगारांनी स्वतंत्र संघटनेच्या मागणीसाठी संप केले आणि १८ जुलै २०१२ रोजी तेथे उसळलेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या हिंसेचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण त्या काळातील वादाचे मुद्दे अभ्यासकाने टाळू नयेत. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्या वेतनातील तफावत हा त्यांतील एक प्रमुख मुद्दा होता. एकाच रंगाचा गणवेश घालून, एकाच साखळीवर, शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांचे वेतन निरनिराळे असेल, तर गणवेश समतेचे चिन्ह राहत नाही. तो तफावतीची रोज आठवण करून देऊ लागतो.

विद्यार्थ्याचा लाभ

या सर्व विवेचनातून विद्यार्थी काय घेऊन जातो? देशोदेशींच्या संस्कृतींत भेद नाहीत, असे त्याला म्हणता येणार नाही. पाटण्यातील कनिष्ठाला वरिष्ठाकडून जी माया अपेक्षित असते ती व्हिएन्नातील कर्मचाऱ्याला कदाचित ढवळाढवळ वाटेल. हे भेद खरे आहेत आणि ते न ओळखणारा माणूस परक्या ठिकाणी पदोपदी ठेचकाळतो. पण भेद ओळखणे निराळे आणि भेदावर दोष ढकलणे निराळे.

म्हणून "त्यांची संस्कृतीच तशी" हे वाक्य कानी पडताच विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. हीच कंपनी दुसऱ्या देशात कशी वागते? याच देशातील दुसरी संस्था कशी चालते? आणि हीच माणसे निराळ्या मांडणीत काम करू लागली तर काय होईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतून मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी मांडणी बदलण्याचे धैर्य कोणाला तरी दाखवावे लागते. अहमदाबादच्या साळखात्यात ते दाखविले गेले. ती गिरणी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली आणि फ्रिमाँटचा तो संयुक्त कारखानाही २०१० साली बंद झाला. कामाची उत्तम मांडणी बाजारातील प्रत्येक संकटापासून संस्थेला वाचवू शकत नाही. पण जी माणसे निरुपयोगी ठरविण्यात आली होती ती निरुपयोगी नव्हती, एवढे त्या दोन ठिकाणी निर्विवादपणे सिद्ध झाले.